प्रतिध्वनीतून निदान : नासाकोटरांच्या विकारांत श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग

नाशिकरोडजवळील एकलहरे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. १९७०च्या दशकाच्या आरंभी येथे पहिले दोन संच सुरू झाले व पुढे ते निवृत्त करण्यात आले. १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेचे आणखी तीन संच कार्यान्वित झाले. केंद्राभोवती कामगारांची वसाहत, शाळा आणि बाजारपेठ वाढत गेली.

औष्णिक केंद्रातील बॉयलरच्या नळ्या राखेच्या माऱ्याने आणि उष्णतेने झिजतात. नळी किती झिजली हे पाहण्यासाठी ती कापून पाहता येत नाही. संच देखभालीसाठी बंद असताना तंत्रज्ञ नळीच्या पृष्ठभागावर बोटाएवढा प्रोब टेकवतो. त्यातून निघालेला ध्वनी पोलादातून पलीकडच्या कडेपर्यंत जातो, तेथून परत फिरतो आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून नळीची जाडी मोजली जाते. हा ध्वनी मानवी कानाला ऐकू येत नाही. म्हणून त्याला श्राव्यातीत ध्वनी असे म्हणतात.

नेमक्या याच तत्त्वावर माणसाच्या गालाच्या हाडामागील पोकळीत पाणी वा पू साचला आहे किंवा नाही, हे वैद्य जाणून घेऊ शकतो. सोनोग्राफी म्हटले की सामान्यतः गरोदर स्त्रीची किंवा पोटाची तपासणी एवढेच डोळ्यांसमोर येते. सर्दीने बेजार झालेल्या रुग्णाच्या तपासणीतही हे तंत्र वापरले जाते, याची माहिती मात्र फार थोड्यांना आहे. या तंत्राचा उपयोग कोठे होतो, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने त्याचा विचार कसा करावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

सायनस हा रोग नव्हे

"मला सायनस आहे," असे अनेकजण सांगतात. वास्तविक सायनस प्रत्येकालाच असतो. नाकालगतच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात त्यांना सायनस किंवा नासाकोटरे म्हणतात. त्यांच्या चार जोड्या असतात. एक जोडी दोन्ही गालांच्या हाडांत, दुसरी कपाळात भुवयांच्या वर, तिसरी नाकाचे मूळ आणि डोळे यांच्या दरम्यान, तर चौथी कवटीच्या तळाशी खोलवर असते. यांपैकी गालातील कोटर सर्वांत मोठे. प्रौढ माणसात त्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे भरतील एवढी जागा असते.

या पोकळ्यांना आतून ओलसर, नाजूक अस्तर असते. ते सतत पातळ चिकट स्राव निर्माण करते. अस्तरावरील सूक्ष्म रोमके हा स्राव, त्यात अडकलेली धूळ आणि जंतू यांच्यासह, नाकाच्या दिशेने ढकलीत असतात. गालाच्या कोटराची रचना या बाबतीत काहीशी गैरसोयीची आहे. त्याचे निचऱ्याचे छिद्र तळाशी नसून आतल्या भिंतीवर बरेच वर असते. म्हणजे उभ्या माणसाच्या गालातील स्राव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवावा लागतो. रोमके ठीक काम करीत असतील आणि छिद्र मोकळे असेल तोपर्यंत काहीही बिघडत नाही. परंतु सर्दीने वा ॲलर्जीने अस्तर सुजले, छिद्र बंद झाले, की स्राव आतच साचतो. साचलेल्या स्रावात जंतूंची वाढ झाली तर त्याचा पू होतो. गाल जड होणे, वाकल्यावर ठणका वाढणे, नाक चोंदणे, घट्ट पिवळसर स्राव येणे, वास कमी होणे ही लक्षणे त्यातून उद्भवतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोटरांचा तीव्र दाह बहुतेक वेळा विषाणूंमुळे, म्हणजे साध्या सर्दीबरोबरच होतो आणि आपोआप बरा होतो. प्रौढांच्या सर्दीपैकी सुमारे अर्धा ते दोन टक्के प्रकरणांतच पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो, असे वैद्यकशास्त्र मानते. प्रतिजैविक औषधांचा उपयोग फक्त या दुसऱ्या गटातील रुग्णांनाच होण्याचा संभव असतो. विषाणूंवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. तेव्हा निदानाचा खरा प्रश्न "सर्दी आहे काय" हा नसून "आत काही साचले आहे काय, आणि साचले असल्यास ते औषधाने उपचार करण्याजोगे आहे काय" हा आहे.

पडताळणीची साधने

कोटरात पू आहे याची निर्विवाद खात्री करण्याचा जुना मार्ग म्हणजे नाकातून सुई घालून गालाच्या कोटरातील द्रव बाहेर काढून पाहणे. ही तपासणी रुग्णाला त्रासदायक असल्याने ती सरसकट करता येत नाही. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर चेहऱ्याच्या क्ष-किरण चित्राचा आधार मिळाला. कोटरात द्रव असल्यास चित्रात त्याची आडवी पातळी दिसते. १९७१ मध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्या यंत्राने डोक्यातील प्रत्येक पोकळीचे थर वेगळे करून दाखविले. आज दीर्घकालीन विकारात आणि शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन हेच सर्वांत विश्वसनीय चित्र मानले जाते. परंतु त्यासाठी मोठे यंत्र, खर्च आणि किरणोत्सर्ग या तिन्ही गोष्टी आल्याच. साध्या सर्दीसाठी तो करणे म्हणजे विहिरीतील पाणी मोजण्यासाठी धरणाचे दरवाजे उघडण्यासारखे होईल.

श्राव्यातीत ध्वनीचा मार्ग या दोन टोकांच्या मधला आहे. त्यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि तपासणी काही मिनिटांत रुग्णाच्या खाटेजवळही करता येते.

ध्वनीचा प्रवास

माणसाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलट, अशा स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो कंप पावतो. एकच स्फटिक ध्वनी पाठवू शकतो आणि परतलेला प्रतिध्वनी टिपूही शकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी या गुणाचा उपयोग करण्याचे प्रयत्न झाले. पुढे धातूंतील दोष शोधण्यासाठी कारखान्यांत आणि नंतर रुग्णालयांत त्याचा वापर सुरू झाला. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठींच्या व गर्भाच्या तपासणीविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतर वैद्यकातील या शाखेला वेग आला.

वैद्यकीय तपासणीत सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी वापरतात. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. हवेतून त्याचा वेग सुमारे ३४० मीटर असतो, आणि पोलादातून सुमारे ५,९०० मीटर. ध्वनी एका माध्यमातून अगदी भिन्न माध्यमाच्या सीमेवर पोचला की त्याचा मोठा भाग मागे फिरतो. शरीराचा भाग आणि हवा यांच्या सीमेवर तर तो जवळजवळ संपूर्णच परततो. सोनोग्राफी करताना त्वचेवर गार, चिकट जेल लावतात त्याचे कारण हेच. प्रोब आणि त्वचा यांमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी आत शिरतच नाही.

हवेचा हा अडथळा एरवी डॉक्टरांना अडचणीचा वाटतो. फुफ्फुसे आणि आतडी यांची तपासणी त्यामुळे अवघड होते. नासाकोटरांच्या बाबतीत मात्र ही अडचणच निदानाचे साधन बनते.

निरोगी गालाच्या कोटरात हवा असते. प्रोब गालावर टेकविला की ध्वनी त्वचा, स्नायू आणि समोरचे पातळ हाड ओलांडतो. त्यापुढे हवा लागताच तो परत फिरतो. पडद्यावर फक्त पहिल्या सेंटिमीटरभरातील प्रतिध्वनी दिसतात आणि पुढे सर्व सामसूम असते. कोटर द्रवाने भरलेले असेल तर चित्र पालटते. द्रवातून ध्वनी सुखेनैव पुढे जातो, कोटराच्या मागच्या हाडाच्या भिंतीवर आदळतो आणि तेथून परततो. पडद्यावर साडेतीन-चार सेंटिमीटर खोलीवर नवा, ठळक प्रतिध्वनी उमटतो. चार सेंटिमीटर जाऊन येण्यास ध्वनीला सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे बावन्न भाग लागतात. यंत्र हा वेळ मोजते आणि त्यावरून अंतर दाखविते. मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी आला तर आत द्रव असल्याचा दाट संभव असतो. तो न आल्यास गालाच्या कोटरात हवा आहे असे समजावयाचे.

या तपासणीचे दोन प्रकार आहेत. एकात प्रतिध्वनी केवळ उंच-ठेंगण्या रेषांच्या स्वरूपात दिसतात. अशी लहान यंत्रे खास नासाकोटरांसाठी बनविली गेली. दुसऱ्या प्रकारात रुग्णालयातील नेहमीचे सोनोग्राफी यंत्र वापरून दुमिती चित्र मिळविले जाते.

फिनलंडचा अनुभव

या तंत्राचा सर्वांत पद्धतशीर उपयोग उत्तर युरोपातील फिनलंड या लहानशा देशात झाला. तेथील वैद्य रेवोंटा यांनी १९८० मध्ये गालाच्या व कपाळाच्या कोटरांच्या निदानात श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग या विषयावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सर्वसाधारण डॉक्टरांच्या हाती लहान यंत्रे आली. कडाक्याच्या थंडीच्या त्या देशात सर्दी-पडशाचे रुग्ण विपुल. त्यांतील प्रत्येकाला क्ष-किरण विभागात पाठविण्यापेक्षा जागेवरच तपासणी करणे सोयीचे होते.

या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. गालाच्या कोटरातील द्रव शोधण्यात ही तपासणी क्ष-किरण चित्राच्या जवळपास पोचते, मात्र तपासणाऱ्याला नीट शिक्षण मिळालेले असले पाहिजे. निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि या तफावतीचे एक कारण हात सरावलेला असणे वा नसणे हेच आहे. अतिदक्षता विभागात नळी घातलेल्या, जागेवरून हलविता न येणाऱ्या रुग्णांच्या तपासणीतही या पद्धतीचा उपयोग झाला आहे.

मर्यादा

या तंत्राच्या मर्यादा त्याच्या गुणांइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली मर्यादा शरीररचनेची. डोळ्यांच्या मधील आणि कवटीच्या तळाशी असलेली कोटरे ध्वनीच्या आवाक्याबाहेर राहतात. कपाळाच्या कोटरासमोरील हाड जाड असल्याने तेथील निष्कर्ष कमी भरवशाचे असतात. लहान मुलांत कपाळाची कोटरे पुरती तयारच झालेली नसतात आणि गालाची कोटरे लहान असतात.

दुसरी मर्यादा द्रवाच्या प्रमाणाची. द्रव थोडा असेल आणि रुग्ण उताणा निजला असेल तर तो मागे ओघळतो. पुढे हवा राहते आणि तपासणी खोटा दिलासा देते. म्हणून रुग्णाला शक्यतो बसवून, डोके किंचित पुढे झुकवून तपासतात.

तिसरी मर्यादा अर्थ लावण्याची. गाठ वा द्रवाची पिशवीही मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी देऊ शकते. केवळ अस्तर सुजले असेल तर ते नेहमी ओळखता येईलच असे नाही. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कोटरात निष्कर्ष फसवे ठरतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, द्रव आहे एवढेच ध्वनी सांगतो. तो विषाणूंमुळे आहे की जिवाणूंमुळे, हे तो सांगू शकत नाही.

याच कारणाने गुंतागुंत नसलेल्या तीव्र दाहात कोणतीही चित्रतपासणी सरसकट करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. लक्षणे दहा दिवसांहून अधिक टिकली, बरे वाटू लागल्यावर पुन्हा उलटली, किंवा आरंभापासूनच मोठा ताप, पुवाळलेला स्राव आणि चेहऱ्याची वेदना तीन-चार दिवस राहिली, तर जिवाणूंच्या संसर्गाचा विचार करावा, हा साधा निकष यंत्राविनाही लावता येतो. बारा आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या तक्रारींसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने नाकाची तपासणी आणि गरजेनुसार सीटी स्कॅन हाच योग्य मार्ग होय. शिवाय "सायनसची डोकेदुखी" म्हणून सांगितली जाणारी वेदना पुष्कळदा अर्धशिशीची असते, तर एका बाजूच्या दुर्गंधीयुक्त स्रावामागे वरच्या दाढेची कीड असू शकते.

कायद्याची चौकट

"इतके लहान आणि निर्धोक यंत्र असेल तर ते प्रत्येक उपकेंद्रात का देऊ नये?" हा प्रश्न पंचायत सदस्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर प्रशिक्षणाच्या गरजेत आहे. दुसरे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात आहे.

गालातील द्रव दाखविणारे नेहमीचे सोनोग्राफी यंत्र गर्भाचे लिंगही दाखवू शकते. या शक्तीचा दुरुपयोग होऊन मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापरावर नियमन आणणारा कायदा केला. १९९४ मध्ये संसदेने केंद्रीय कायदा संमत केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. २००३ मध्ये त्यात सुधारणा होऊन तो अधिक कडक झाला. २०११च्या जनगणनेत राज्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली आढळल्या. २००१ मध्ये ही संख्या ९१३ होती. या आकड्यांकडे पाहिले म्हणजे कायद्याची निकड पटते.

अशा यंत्रांची खरेदी, नोंदणी, जागा आणि वापरणाऱ्याची पात्रता यांवर त्यामुळे बंधने आहेत. नासाकोटरांची तपासणी वैध आहे. परंतु तीसाठी आणलेले यंत्रही या चौकटीतच राहिले पाहिजे. आपल्या गावात कोणी "फक्त सर्दीसाठी" म्हणून फिरते सोनोग्राफी यंत्र घेऊन आल्यास त्याची माहिती तत्काळ समुचित प्राधिकाऱ्यास देणे, हे जागरूक पंचायतीचे काम आहे.

गावपातळीवर काय करता येईल

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यात थंडी कडक असते. निफाड परिसरात राज्यातील नीचांकी तापमान अनेकदा नोंदले जाते. शेतातील धूळ, चुलीचा धूर आणि औद्योगिक परिसरातील सूक्ष्म कण नाकाच्या अस्तराला त्रास देऊ शकतात. एकलहऱ्यासारख्या ठिकाणी प्रत्येक सर्दीचे खापर राखेवर फोडणे शास्त्रीय होणार नाही. तसेच धुळीत काम करणाऱ्याने नाकातोंडावर योग्य मुखपट्टी न बांधणे हेही शहाणपणाचे नाही.

प्रतिजैविके ही अनुसूची एच आणि एच-१ मधील औषधे असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही दुकानातून दोन-चार गोळ्या नेऊन सर्दीवर घेण्याची सवय सर्वत्र दिसते. अशा अर्धवट, अनावश्यक वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निष्प्रभ ठरते. ग्रामसभेत वा पालकसभेत हा विषय आवर्जून मांडला जावा.

नाक धुण्यासाठी मिठाचे पाणी वापरावयाचे झाल्यास ते उकळून थंड केलेलेच असावे. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नये. त्यात भाजण्याचा धोका असतो. वर्गात एखादे मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, किंवा त्याच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर शिक्षकाने पालकांना सुचवून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. नाकात अडकलेला मणी वा खडूचा तुकडा हेही त्याचे कारण असू शकते.

काही लक्षणे मात्र क्षणाचाही विलंब सहन करीत नाहीत. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, दृष्टी मंदावणे, मान आखडणे, ग्लानी, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणे, नाकातून काळसर स्राव ही ती लक्षणे होत. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांपैकी अनेकांचा आजार नाक आणि नासाकोटरांतूनच डोळ्याकडे व मेंदूकडे पसरला होता. मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका अधिक होता. अशा रुग्णाच्या गालावर प्रोब टेकवून वेळ घालविणे घातक ठरेल. त्याला थेट जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले पाहिजे. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही साखळी अशा वेळी कोणता दुवा ओलांडून पुढे जावयाचे, हे गावातील आशा स्वयंसेविकेला आणि पंचायत सदस्यांना आधीच ठाऊक असावे.

बॉयलरच्या नळीवर टेकविलेला प्रोब तंत्रज्ञाला केवळ जाडीचा आकडा देतो. नळी बदलावयाची की नाही, हा निर्णय अभियंता इतर गोष्टींचा विचार करून घेतो. गालावर टेकविलेल्या प्रोबचेही तसेच आहे. तो डॉक्टरांच्या प्रश्नाला एक उत्तर देतो. रुग्णाची विचारपूस, दिवसांची मोजणी आणि डोळ्यांनी केलेली पाहणी यांची जागा तो घेत नाही. योग्य हाती, योग्य रुग्णासाठी आणि कायद्याच्या मर्यादेत वापरल्यास हे तंत्र अनावश्यक किरणोत्सर्ग आणि अनावश्यक औषधे या दोहोंपासून रुग्णांना वाचविण्यास साहाय्यभूत ठरू शकेल.